भाच्याचा कॅमेरा घ्यावा का?

आमच्या बैठकीत वडिलांचा जो फोटो टांगलेला आहे, त्यात त्यांच्या डाव्या खांद्यावर एक परका हात आहे. नवा पाहुणा आला की त्याची नजर आधी त्या हाताकडे जाते आणि मग आम्हांला खुलासा करावा लागतो. वडील १९९८ साली गेले. तेराव्याच्या आत फोटो हवा म्हणून सारे घर पालथे घातले, तेव्हा ध्यानात आले की त्यांचा एकट्याचा असा फोटोच नाही! अखेर कुणाच्या तरी लग्नातला ग्रूप फोटो हाती लागला. स्टुडिओवाल्याने त्यातून वडिलांना मोठे करून दिले. पण शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांचा हात काही त्याला काढता आला नाही. गेली पंचवीसहून अधिक वर्षे व्याही आमच्या भिंतीवर असे हातापुरते मुक्कामाला आहेत.

हे सारे पुन्हा आठवले ते यंदाच्या उन्हाळ्यात अकोल्याहून आलेल्या भाच्याच्या फोनमुळे. "मामा, माझा कॅमेरा तुम्हीच घ्या ना! नुसता पडून आहे. बाहेर बारा हजाराला देईन, तुम्हांला नऊ हजाराला." मी आपला 'बघतो' म्हणालो. आमच्या सौभाग्यवतींचे मत तयारच होते. "घरात चार फोन आहेत. त्यांत हे पाचवे लोढणे कशाला?" पुण्याची मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, घ्याच. आजीचा एक तरी धड फोटो काढून ठेवा."

आई यंदा शहाऐंशीची आहे, पण कान तिखट. आतल्या खोलीतून लगेच आवाज आला, "काहून? मले भितीवर टांगाची घाई झाली काय तुमाले?"

विषय तेवढ्यावर मिटला. माझ्या मनातून मात्र व्याह्यांचा हात काही जाईना.

आता नऊ हजार ही रक्कम पेन्शनीत बसलेल्या माणसाला लहान नव्हे. दुकानदाराला विचारावे, तर तो विकायलाच बसलेला. जाहिरातीला विचारावे, तर ती तोंड भरून बोलणारच. खरे बोलतो तो मालक. कारण त्याने पदरचे पैसे मोजलेले असतात आणि वस्तूच्या गुणदोषांसकट संसार केलेला असतो. तेव्हा अकोला आणि अमरावती या आमच्या दोन गावांत ज्यांच्याजवळ असा कॅमेरा आहे, त्यांनाच गाठायचे मी ठरवले. कुणाचा कॅमेरा कोणत्या कंपनीचा हे मात्र मी सांगणार नाही. नाव सांगितले की मत बाजूला राहते आणि भांडण सुरू होते, हा अनुभव मला स्कूटरच्या काळापासून आहे.

वाचकांपैकी ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्याकरता थोडे सांगतो. दुकानात याला 'ॲडव्हान्स्ड कॉम्पॅक्ट' म्हणतात. दिसायला साबणाच्या डबीएवढा, खिशात मावणारा. पण छिद्र किती उघडायचे, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा हे सारे मोठ्या कॅमेऱ्याप्रमाणे आपल्या हाती. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला अवतार १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने जुळवला, तेव्हा त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. कॅननने २००० साली 'जी-१' काढला, तो या छोट्या पण शहाण्या कॅमेऱ्यांच्या घराण्यातला एक वडीलधारा. सोनीने २०१२ साली 'आरएक्स-१००' काढला. त्याचे वजन बॅटरीसकट २४० ग्रॅम, म्हणजे पाव किलो साखरेहूनही कमी. २०१० साली जगभरातल्या कारखान्यांतून वर्षाला सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाहेर पडत होते. मग फोन आले, आणि २०२३ साली हा आकडा पाऊण कोटीच्या आसपास उतरला. माझ्या भाच्याचा कॅमेरा कपाटात का पडला, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पहिली साक्ष अकोल्याची. भाच्याच्या ओळखीचे एक जिनिंगवाले आहेत. हौशी गृहस्थ! पऱ्हाटीच्या फुलापासून गाठीपर्यंत कापसाचा सारा प्रवास त्यांनी फोटोंत धरला आहे. कॅमेऱ्याचे नाव काढताच ते म्हणाले, "भाऊ, डब्बा लय गुणाचा हाय, पण याले कापूस चालत नाही!"

झाले होते असे. या कॅमेऱ्याची लेन्स चालू करताना नळीसारखी बाहेर येते आणि बंद करताना आत जाते. ही ये-जा लोहाराच्या भात्यासारखी हवा आत ओढते; हवेबरोबर धूळ आणि रुईचे तंतूही. ते एकदा आतल्या सेन्सरवर बसले की प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून आतली धूळ झाडता येते. याची लेन्स निघत नाही; सगळा कॅमेराच खोलावा लागतो. ते काम करणारा कारागीर जवळपास मिळेना, तेव्हा कॅमेरा दीड महिना परगावी जाऊन आला.

"मग आता वापरत नाही का?" मी विचारले.

"वापरतो ना! पण जिनात नाही. तथी फोन नेतो," असे म्हणून त्यांनी मला एक युक्ती सांगितली, ती जुना कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने गाठीस बांधावी. छिद्र लहानात लहान करावे, आकडा ११ वर न्यावा, आणि निरभ्र आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. धूळ असेल तर लपून राहत नाही.

मी तडक भाच्याकडे जठारपेठेत गेलो आणि गच्चीवरून आभाळाचा फोटो काढला. उजव्या कोपऱ्यात एक फिकट ठिपका निघाला. भाच्याचे तोंड उतरले आणि किंमतही उतरली, आठ हजारांवर. एका साक्षीत हजाराची कमाई झाली म्हणायची!

दुसरी साक्ष अकोल्याच्याच एका डॉक्टरीणबाईंची. अकोल्यात शेवटच्या श्रावण सोमवारी राजराजेश्वराला जलाभिषेक करायला शेकडो कावडी येतात. गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून माणसे रातोरात पायी निघतात आणि खांद्यावरच्या घागरी नाचवत गावात शिरतात. बाईंनी हे दृश्य कितीतरी वर्षे टिपले आहे. त्या म्हणाल्या, "रात्रीचा उजेड कमी, माणसे हलती. फोन काय करतो, भराभर पुष्कळ फोटो घेऊन त्यांचा मेळ घालतो. उभ्या देवळाला ते छान जमते. नाचत्या घागरीला नाही. मग एकाच माणसाला तीन हात दिसतात! हा कॅमेरा एकच फोटो घेतो, पण सरळ घेतो."

असे का, हे मी त्यांना विचारले, तर त्यांनी पावसाळ्यातले उदाहरण दिले. अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर तेवढ्याच सरीत परातीत अधिक पाणी साठते. सेन्सरचेही तसेच, तो जेवढा मोठा तेवढा प्रकाश अधिक. साध्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. या जातीच्या अनेक कॅमेऱ्यांत तो १३.२ बाय ८.८, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर असतो. चौपटीहून मोठी परात! गंमत अशी की याला बाजारात 'एक इंची' म्हणतात, आणि तो कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या मापावरून हे नाव चालत आले आहे. आपल्याकडे घराणे बुडाले तरी पाटीलकी नावात राहते, तसेच हे.

बाईंचे दुःख निराळेच होते. दोन वर्षांच्या कावडींचे सारे फोटो एकाच हार्ड डिस्कवर होते, आणि एके दिवशी ती डिस्क जी बंद पडली ती उघडलीच नाही. "यात कॅमेऱ्याचा दोष नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोष माझा. तुम्ही कॅमेरा घ्या अथवा घेऊ नका, पण जे जपायचे ते दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातले निवडक कागदावर छापून घ्या." त्या दोन वर्षांतल्या एका फोटोत त्यांचे सासरे कावडीपुढे चालत होते. तो फोटो गेला. सासरेही आता नाहीत.

परतीच्या गाडीने मूर्तिजापूर ओलांडले तशी शकुंतलेची आठवण झाली. ही चिमुकली गाडी मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जात असे. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिला ओढी. १९९४ साली त्याच्या जागी डिझेल आले, आणि आज तर ती गाडीच धावत नाही. बडनेऱ्याला एक निवृत्त रेल्वेनोकर राहतात, त्यांच्याजवळ या गाडीचे फोटो आहेत असे ऐकून होतो. तेव्हा तिथेच उतरलो.

त्यांनी कॅमेरा आणला तो चक्क कापडी पिशवीतून. २०१० साली घेतलेला, कडा झिजलेल्या. "मोठा कॅमेरा डब्यात काढला की माणसे सावरून बसतात," ते म्हणाले. "बायका पदर नीट करतात, म्हातारे टोपी सरळ करतात. हा काढला तर कुणाचे लक्षच जात नाही." त्यांच्या फोटोंत दर्यापूरच्या बाजाराला निघालेली माणसे आहेत, बाकाखाली बांधलेली कोंबडी आहे, खिडकीशी झोपलेले पोर आहे. एकही माणूस कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

तक्रार विचारली, तर म्हणाले, "ऊन!" वऱ्हाडच्या उन्हात मागचा काचेचा पडदा काही दिसत नाही. त्यांच्या कॅमेऱ्याला डोळा लावायचे लहानसे छिद्र आहे, म्हणून निभावले. ते नसलेला कॅमेरा दुपारी आंधळ्यासारखा चालवावा लागतो. आणि माहितीपुस्तिकेत बहुधा लिहिलेले असते की हे यंत्र शून्य ते ४० अंशांत वापरावे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे आमच्या मुलखात उन्हाळाभर फोटोच काढायचे नाहीत!

अमरावतीला घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे गेलो. मेळघाट त्यांनी पायाखाली घातलेला. त्यांनी प्रथम माझा उत्साह मोडला. "पाखरांसाठी घेत असाल, तर घेऊ नका. मला एकदा रानपिंगळा दिसला. शंभराहून अधिक वर्षे नाहीसा झाला असे मानलेले हे घुबड १९९७ साली सातपुड्यात, शहाद्याकडे पुन्हा सापडले. आपल्या मेळघाटातही आहे. पण माझ्या फोटोत तो पिंगळा आहे की फांदीची गाठ आहे, हे मलाच सांगावे लागते!" या कॅमेऱ्याची दृष्टी फार लांबची नसते. शिवाय पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या धुक्यात भिजलेला कॅमेरा तसाच कपाटात टाकला, तर भिंगावर बुरशी धरते. प्राध्यापकांनी तो लोणच्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेला होता. सिलिका जेलच्या पुड्या सोबतीला. लोणचे अर्थातच बाहेर.

"मग तुम्ही ठेवला कशाला?"

"माणसांकरता," ते म्हणाले. "फोनची मुख्य लेन्स रुंद पाहणारी असते. तोंड मोठे यावे म्हणून आपण दोन फुटांवर जातो, आणि मग माणसाचे नाक पुढे येते, कान मागे जातात. यात झूम लांबवा आणि सहा फूट दूर उभे राहा. माणूस जसा आहे तसा येतो. फक्त एक करा. फ्लॅश मारू नका. त्याला खिडकीशी बसवा."

कॅमेऱ्याविषयी सगळे म्हणणे ऐकले, तरी नव्या पिढीचे राहिले होते. ते आमच्या शेजारच्या मुलीने पुरे केले. कॉलेजात आहे, तिने हौसेने जुना कॅमेरा घेतला. हल्ली तरुण मुलांत या कॅमेऱ्यांची पुन्हा टूम निघाली आहे. मी म्हटले, "तुझा फोन तर याच्या तिप्पट किमतीचा!" ती म्हणाली, "काका, फोन फोटोसाठी काढला की त्यावर निरोप येऊन पडतात. फोटो राहतो आणि मी उत्तरे देत बसते. याच्यावर कुणाचे काही येत नाही." मला हे मत सर्वांत नवे वाटले.

शेवटी राजकमल चौकाजवळच्या एका स्टुडिओत गेलो. मालकांनी फिल्मच्या रोलपासून सारे युग पाहिलेले. मी त्यांना मेगापिक्सेलचे विचारले, तसे ते हसले. "सहा बाय चार इंचांचा फोटो उत्तम छापायला वीस-बावीस लाख ठिपके पुरतात. दोन कोटी ठिपक्यांत अठरा बाय बाराचा छापून देतो. एवढा मोठा कुणी मागतो का?" त्यांनी मग कॅननचाच दाखला दिला. २००८ च्या 'जी-१०' मध्ये १ कोटी ४७ लाख ठिपके होते. पुढच्याच वर्षी 'जी-११' आला तो १ कोटीचा. कंपनीने आकडा मुद्दाम खाली आणला, कारण लहान परातीत फार खाने पाडले की प्रत्येक खान्यात प्रकाश थोडा पडतो. "पण साहेब," ते पुढे म्हणाले, "खरे सांगू? लोक फोटो हजारांनी काढतात आणि माझ्याकडे येतात ते माणूस गेल्यावर. मग फोनमधला कुठला तरी हसता फोटो देतात आणि म्हणतात, यातून जरा करून द्या."

मला एकदम व्याह्यांचा हात आठवला. मी घरी न जाता तिथूनच भाच्याला फोन केला.

कॅमेरा आला तो श्रावणात. पहिला महिनाभर मी कुंड्यांचे आणि मांजराचे फोटो काढत राहिलो. सौभाग्यवती आठ हजारांचा हिशेब कुंडीगणिक मांडत होत्या. आईसमोर मात्र मी तो काढला नाही.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी दुपारी आई मागल्या खोलीत खिडकीशी बसून आंबाडीची भाजी निवडत होती. डावीकडून ढगाळ उजेड येत होता. मी दारात उभा राहिलो. सहा फूट असावे. झूम लांबवला. तेवढ्या लांबणीवरही या लेन्सचे छिद्र २.८ पर्यंत उघडते, म्हणून उजेड पुरला. आई एक पान उजेडात धरून कीड आहे का ते पाहत होती. मी बटण दाबले. तिने वर पाहिले नाही. मी पुन्हा दाबले. असे अकरा फोटो झाले.

त्यातला एक मी त्या स्टुडिओत आठ बाय दहाचा छापून घेतला. घरी आणून चार दिवस कपाटात ठेवला, धीर होईना. पाचव्या दिवशी आईनेच तो शोधून काढला. चश्मा लावून बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले, आता ओरडते.

"हे कधी काढलं?"

"महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी."

"आवाज नाही झाला त्याचा?"

मी सांगितले की या कॅमेऱ्याचा पडदा लेन्सच्या आतच असतो, आणि मोठ्या कॅमेऱ्यासारखा आरसा आपटत नाही. अगदी बारीक 'टिक' होते. आईने मान हलवली. "बरं हाय मंग. तुह्या बाबाले फोटोवाल्याच्या आवाजाचीच धास्ती होती. म्हणून तं कधी एकटा बसला नाही."

पंचवीस वर्षांत हे तिने कधी सांगितले नव्हते. आणि आम्ही समजत होतो, की फोटो काढायचे राहून गेले!

फोटो भिंतीवर लावलेला नाही. आईने तो आपल्या लुगड्यांच्या पेटीत ठेवला आहे, आणि दुसरी प्रत पुण्याला मुलीकडे गेली आहे. डॉक्टरीणबाईंचा सल्ला मी पाळला. कुणी विचारले की कॅमेरा घ्यावा का, तर सांगतो: पाखरांसाठी नको, जिनात नको, भर दुपारी तर नकोच. पण घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल, खिडकी असेल आणि फोटो छापून घ्यायचा आळस नसेल, तर आठ हजार फार नाहीत. आणि तेवढेही नसतील, तर फोनच घ्या, पण खिडकीशी बसवा आणि जरा दुरून काढा.

यंदा लक्ष्मीपूजनाला भाचा सहकुटुंब येणार आहे. कॅमेरा पाहायला येतो म्हणाला. मला दाट संशय आहे, की तो परत मागणार.